तेवीस की बत्तीस?

तिसरीतल्या एका मुलाला 'तेवीस' लिहायला सांगितलं. त्याने ३२ लिहिलं. शेजारचीने निकालच दिला, "बाई, हा सगळं उलटं लिहितो!"

पनवेलच्या आसपासच्या शाळांमध्ये गणिताचं काम करताना असे 'उलटे' मला खूप भेटले. खरं तर तो ऐकलं तसंच लिहीत होता. आधी 'ते', मग 'वीस'. आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. जर्मन मुलांचीही हीच पंचाईत होते. कन्नडमध्ये 'इप्पत्तमूरु', म्हणजे थेट वीस-तीन. आपल्या 'सोळा'त तर दहाचा मागमूसही नाही, आणि 'एकोणतीस' लिहायचं २ पासून.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असंही छापलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर कारण समजावून सांगत होत्या. लोक विनोद करत होते. मला ती वाट पटली होती, आजही पटते. पण नुसती नावं बदलून भागत नाही.

बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्यासोबत काम केलेल्या कॉन्स्टन्स कामी मुलांपुढे सोळा वस्तू ठेवत. १६ लिहून त्यातल्या ६ वर बोट ठेवलं की मुलं सहा वस्तू दाखवत. १ वर ठेवलं की बरीच मुलं एकच वस्तू दाखवत. मी हेच चिंचोक्यांवर करून पाहिलं. वहीत हातच्याची बेरीज अचूक करणाऱ्या मुलीने एक चिंचोका उचलला. मग उरलेले नऊ कुणाचे? ती माझ्याकडे पाहत राहिली. दहा सुटे आणि एक दहा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरणं सहा-सात वर्षांच्या मुलाला अवघड जातं. फळ्यावर 'दशक' लिहून ते उतरत नाही. मोजणं, बांधणं, सोडणं, पुन्हा बांधणं हे हातांनी पुष्कळदा व्हावं लागतं. वर्गात त्याला वेळ नसतो, कारण पोर्शन संपवायचा असतो.

त्या ३२ वाल्या मुलाची आई पावसाळ्यात बाजारात टाकळा, शेवळं विकते आणि हा शेजारी बसून जुड्या बांधतो, हे मला नंतर कळलं. म्हणून त्याच्यासमोर खेळातल्या नोटा आणि नाणी ठेवली. "तेवीस रुपये दे." दहाच्या दोन नोटा, तीन नाणी. क्षणात. "आता लिही." त्याने नोटांकडे पाहिलं, नाण्यांकडे पाहिलं, आणि २३ लिहिलं.

"एकोणतीस दे."

त्याने दहाच्या तीन नोटा माझ्या हातात ठेवल्या आणि तळहात पुढे केला.

"बाई, एक रुपया परत द्या."