आधी अंतर, मग चोक

दसरा जवळ आला की बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या जुन्या घरांमधून दुनळ्या बंदुका बाहेर निघतात. शस्त्रपूजेआधी त्यांना तेलपाणी लागतं. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा होऊन परत आलेल्या नळ्यांवर तर गंजही धरलेला असतो. वडगाव निंबाळकरच्या आमच्या घरात बंदूक दुरुस्तीचं काम वडिलांपासूनचं, रीतसर परवान्याचं. गिऱ्हाईक बंदूक बाकावर ठेवतं, नळी मोडून हातात देतं आणि हमखास विचारतं, "फुल चोकच आहे ना हो?" मी मापाचं हत्यार उचलतो आणि उलट विचारतो, "मारायचं किती लांबून होतं?" यावर बहुतेकांकडे उत्तर नसतं.

चोक म्हणजे नळीला तोंडाशी, शेवटच्या दोन-तीन इंचांत, आतून दिलेली आवळण. बारा बोअरची नळी आतून साधारण 18.5 मिलिमीटरची असते. फुल चोकला ती तोंडाशी एक मिलिमीटरनं अरुंद होते, हाफला अर्ध्यानं, क्वार्टरला पावानं. डोळ्याला हा फरक दिसत नाही, मोजावाच लागतो. जगभर चोकची परीक्षा 40 यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर घेतात. तिथं 30 इंच व्यासाच्या वर्तुळात फुल चोक 70 टक्के छरे टाकतो, हाफ 60 आणि सरळ नळी 40. सहा नंबरच्या 30 ग्रॅम काडतुसात सुमारे 285 छरे धरले, तर एकीकडे वर्तुळात 200 पडतात आणि दुसरीकडे 115.

एवढं ऐकून कुणीही फुलच मागेल. पण हेच 18 मीटरवर करून बघा. फुल चोकचा फैलाव तिथं जेमतेम 40 सेंटिमीटर असतो, सरळ नळीचा 80. इतक्या जवळच्या बदकावर फुल चोक झाडला तर नेम थोडा ढळला की पक्षी साफ सुटतो, आणि नेम बसला तर पातेल्यात घालण्यासारखं काही उरत नाही. उलट, सरळ नळीनं 40 यार्डांवर मारायला गेलं की छऱ्यांमध्ये जागोजागी खिंडारं पडतात. चाचणीचा कागद रेंजवरून आणला की मी त्यावर पुठ्ठ्याचं एक बदक सरकवत नेतो. चक्रांगाएवढं कापलेलं, म्हणजे चोचीपासून शेपटीपर्यंत दीड वीत आणि वर थोडं. त्याखाली कुठं सात छरे येतात, कुठं एकच. एक छरा लागलेलं बदक पडत नाही. ते उडत राहतं आणि लांब कुठंतरी पाणगवतात शिरून मरतं. टक्केवारीपेक्षा ही खिंडारं बघावीत.

बदकांच्या शिकारीनंच चोकला नाव मिळवून दिलं. अमेरिकेत इलिनॉयच्या फ्रेड किंबल या बदकशिकाऱ्यानं 1870 च्या आसपास तो वापरून दाखवला आणि बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरनं 1874 मध्ये तो बाजारात रुजवला. त्या काळातल्या काही विलायती नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ असा इंग्रजी ठसा सापडतो. 1875 ते 1887 या काळात चोक दिलेल्या नळीवर तो मारत. या नळीतून अखंड गोळी झाडू नका, एवढाच त्याचा अर्थ. असा ठसा दिसला की मालकाला भिंग देऊन मी तो वाचायला लावतो.

दुनळीतली खरी हुशारी तिच्या दोन चापांत आहे. पुढचा चाप उजव्या नळीचा, ती मोकळी. मागचा डावीचा, ती आवळलेली. समोरून उठून लांब जाणाऱ्या पक्ष्याला आधी उजवी आणि मग डावी. पण संध्याकाळी पाण्यावर उतरायला येणारं बदक लांबून जवळ येतं, तेव्हा जाणकार आधी मागचा चाप ओढायचा आणि डोक्यावर आल्यावर पुढचा. म्हणजे चोक निवडण्याची वेळ बंदूक विकत घेतानाच संपत नाही, पक्षी हवेत असताना ती पुन्हा येते. वडिलांच्या पिढीतले शिकारी म्हणून पाण्यात पस्तीस पावलांवर बांबू रोवायचे. उघड्या पाण्यावर अंतर फसवतं, शेजारी झाड नसतं की बांध नसतो. बांबूपलीकडच्या पक्ष्यावर बार टाकायचा नाही, हा त्यांचा नेम. चोक कुठलाही असो, बांबू तोच.

सगळेच इतके संयमी नव्हते. 12 नोव्हेंबर 1938 ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी भरतपूरला मांडलेल्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला लगाम घातला आणि 1991 च्या दुरुस्तीनं परवान्याची वाटच बंद केली. योगायोग असा, की त्याच 1991 पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे झाडायलाही देशभर बंदी आली. दळण्यासाठी खडे गिळणारी बदकं तळातलं शिसं गिळून विषबाधेनं मरत होती. मग पोलादी छरे आले, आणि ते जुन्या फुल चोकमधून झाडले तर नळीचं तोंड बिघडतं. तिकडच्या शिकाऱ्यांनाही शेवटी मोकळ्या चोकवर यावं लागलं.

आज आपल्याकडे चोक निवडायचा तो नेमबाजीतल्या मातीच्या चकतीसाठी. 110 मिलिमीटरची ती चकती ट्रॅपमध्ये तीस-पस्तीस मीटरवर फोडतात, म्हणून तिथं आवळलेला चोक. स्कीटमध्ये ती वीसेक मीटरवर असते, म्हणून मोकळा. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचं रौप्यपदक आणल्यापासून हौशी पोरं हे विचारायला येतात. त्यांनाही मी आधी अंतरच विचारतो.

घरात आजोबांची दुनळी असेल तर दोन गोष्टी सांभाळा. नळीचं तोंड कापून आखूड करू नका. चोक तर जातोच, शिवाय परवान्याविना नळी आखूड करणं हा शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशाचीही त्यातच धरून. तिसरं असेल तर कागदपत्रं तपासून घ्या. बदकंच बघायची असतील तर थंडीत दुर्बीण घेऊन उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगावला जा. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक तिथं उतरतात. नावेत बसल्यावर डोळ्यांनी अंतर जोखून बघा. बंदुकीला हात न लावताही हे कसब शिकता येतं, आणि ते नसेल तर कुठलाही चोक कामाचा नाही.