पासबुकातले तीनशे बाट

थाई बायको असली तरी थायलंडमध्ये राहायला परदेशी नवऱ्याला दरवर्षी मुदत वाढवून घ्यावी लागते. थाई बँकेत एकट्याच्या नावावर ४,००,००० बाट, म्हणजे दहा लाखांहून जास्त रुपये, दाखवायचे आणि अर्जाआधी दोन महिने त्याच्या खाली जायचं नाही. नाहीतर महिना ४०,००० बाटचं उत्पन्न दाखवायचं. मी खात्यात मोजून चार लाख ठेवले होते.

बाकीची तयारी चोख होती. आम्फेमधून, म्हणजे आपल्या तहसील कचेरीसारख्या ऑफिसातून, लग्नाच्या नोंदीचा ताजा दाखला आणला. बायकोने घराचा नकाशा हाताने काढला: वाट म्हणजे बुद्धमंदिर, पुढे सेव्हन-इलेव्हन, मग आंब्यापाशी डावीकडे. घराच्या नंबराखाली दोघांचा एक फोटो, बैठकीत एक, झोपायच्या खोलीत एक. तो शेवटचा सासूबाईंनी काढला. त्याआधी त्यांनी पलंगावरची चादर इस्त्री करून घातली. परक्या माणसापुढे आपली झोपायची खोली मांडायची, याने मी अवघडून गेलो होतो. त्यांना मात्र चादरीवर सुरकुती दिसायला नको होती, बस्स.

इमिग्रेशन ऑफिसात काउंटरवरच्या बाईंनी पासबुक चाळलं आणि एका ओळीवर नख टेकवलं. ३,९९,७००. महिन्याभरापूर्वी कार्डाची वार्षिक फी कापली गेली होती, तीनशे बाट. सकाळीच मशीनमध्ये पासबुक भरून आणलं होतं, पण वाचलं नव्हतं.

माझी मुदत संपायला नऊ दिवस राहिले होते. डोळ्यांपुढे अंधारी आली. बायकोने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, दुसरा काही मार्ग आहे का? त्या बाईंनीच सांगितला: थाई पत्नीसोबत राहण्यासाठी साठ दिवसांची वाढ मिळते, फी वर्षाच्या वाढीइतकीच, १,९०० बाट. नऊ आणि साठ, एकोणसत्तर दिवस. त्याच दुपारी खात्यात वीस हजार भरले. दोन महिने पुरे व्हायला तेवढे दिवस जेमतेम पुरले.

दुसऱ्या खेपेला साक्षीदार म्हणून गावचे फू याय बान आले, आपल्याकडचे पाटील म्हणा ना. हे दोघं खरंच एकत्र राहतात का, असं त्यांना विचारलं. ते म्हणाले, "सकाळी भिक्खू येतात तेव्हा हा बायकोशेजारी भाताचं भांडं धरून उभा असतो. मी रोज बघतो." मला त्या क्षणी काही बोलता आलं नाही.

आधी तीस दिवसांचा 'विचाराधीन' शिक्का मिळाला, मग वर्षाचा.

या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: मोजून चार लाख ठेवू नका, वर वीस हजार असू द्या. आणि पासबुक नुसतं भरून आणू नका, घरी बसून ओळ न् ओळ वाचा.