वहीच्या शेवटच्या पानावरील विमान

२०२५ च्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलीला घेऊन नामपूरला आमच्या घरी आला. शेती-अवजारांच्या सुट्या भागांचे त्याचे दुकान आहे. शिवाय थोडा कांदा, ज्याला त्या दिवसांत भाव नव्हता. मुलगी बारावीला. १७ ऑक्टोबर रोजी ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए विमान उडाले, ते तिने दूरदर्शनवर पाहिले होते.

"सर, मला एरोस्पेस अभियांत्रिकी शिकायची आहे. बाबा म्हणतात, सरांना विचारू."

आम्ही बापाकडे पाहिले. त्याने नजर वळवली.

१९९५ साली सहलीला जाताना आमची एसटी ओझरजवळ आली आणि डोक्यावरून एक मिग कडाडत गेले. मुलांनी कान झाकले; हा मात्र खिडकीबाहेर निम्मा लोंबकळत राहिला. त्यानंतर त्याच्या वहीचे शेवटचे पान कधी रिकामे सापडले नाही. दहावीनंतर त्याने आम्हांला विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, "विमानविद्या शिकून नामपुरात काय करशील? पोटापाण्याचं बघ." त्याने आय.टी.आय. केले. त्या विद्येची आम्हांला काडीचीही माहिती नव्हती. तरीही आम्ही सल्ला दिला, आणि तो आज्ञाधारक मुलगा असल्याने त्याने तो पाळला.

या वेळी आम्ही पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. ठिकठिकाणी अभियंते झालेल्या विद्यार्थ्यांना फोन केले, माहितीपत्रके वाचली.

मुंबईच्या आय.आय.टी.त या विद्येचा स्वतंत्र विभाग आहे. तिरुअनंतपुरम येथे अंतराळ खात्याने २००७ साली स्वतःची शिक्षणसंस्था काढली. तेथे गुणांची पातळी राखणाऱ्यांना, जागा असतील त्याप्रमाणे, इस्रोत घेतात. दोन्हीकडे प्रवेशपरीक्षा अतिशय कठीण आणि जागा मोजक्या. खासगी महाविद्यालये पुष्कळ आहेत, पण नावातले 'एरोस्पेस' पाहून कर्ज काढू नये. तेथे वातबोगदा आहे काय आणि मागल्या तुकडीतील किती मुले विमानाच्या किंवा अग्निबाणाच्या कामाला लागली, हे आधी विचारावे. संगणक कंपन्यांत गेलेली मुले त्यात धरू नयेत.

आम्हांला चकित करणारी गोष्ट निराळीच निघाली. इस्रोच्या अभियंत्यांच्या जाहिरातींत जागा प्रामुख्याने मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक शाखांच्या असतात. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलांनी बनवलेला 'स्वयम्' हा छोटा उपग्रह जून २०१६ मध्ये अवकाशात गेला. त्या महाविद्यालयात एरोस्पेसची शाखाच नव्हती!

थुंबा आठवावे. वाचकांपैकी पुष्कळांना ती हकिकत ठाऊक असेल. चुंबकीय विषुववृत्ताजवळचा तो केरळी किनारा डॉ. विक्रम साराभाईंना अग्निबाणांसाठी हवा होता. तेथे कोळी बांधवांची वस्ती आणि मरीया मग्दालियेचे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी ही मागणी आपल्या लोकांपुढे ठेवली आणि त्यांनी घरे व चर्च सोडून दिले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण सुटला, तेव्हा चर्चची इमारत हीच कार्यशाळा होती. जागा शोधण्यात पुढे असलेले आपले एकनाथ चिटणीस भौतिकशास्त्राचे. पुढे घन इंधनावर काम करणारे वसंतराव गोवारीकर रसायन अभियंते. विमानविद्या शिकलेले होते ते अब्दुल कलाम. एका कामाला किती वेगवेगळ्या विद्या लागल्या!

पंधरा दिवसांनी बापलेक पुन्हा आले. आम्ही सारे सांगितले: प्रवेशपरीक्षा मनापासून दे, नाहीच जमले तर शासकीय महाविद्यालयात मेकॅनिकल घे आणि पुढे एम.टेक.ला एरोस्पेसकडे वळ. कर्ज काढून नुसत्या नावाच्या मागे जाऊ नकोस.

ती लिहून घेत होती. मध्येच तिने विचारले, "सर, बाबांनी विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतं?"

आम्ही खरे ते सांगितले. चौकशीसाठी एक कार्डसुद्धा टाकले नव्हते, हेही सांगितले. ती बापाकडे पाहत राहिली.

"सर, चहा गार होतोय," तो म्हणाला. मग मुलीच्या हातातली वही घेऊन त्याने 'वातबोगदा' या शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, "हा आतून कसा असतो?"

आम्ही कागद घेऊन आकृती काढायला बसलो.