ओलेसुंदचा खराटा

नॉर्वे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ आणि मध्यरात्रीचा सूर्य उभा राहतो. ओलेसुंदला हे दोन्ही फारसे नाही. तिथे आहे पाऊस, वारा आणि मासळी. नोकरीच्या निमित्ताने मी पत्नी आणि मुलीसह या गावी काही वर्षे राहिलो. जहाजांचे आराखडे तयार करणाऱ्या कचेरीत माझे काम होते.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, बेटांवर वसलेले हे छोटे शहर. २३ जानेवारी १९०४ च्या रात्री वादळी वाऱ्यात इथे आग लागली आणि लाकडी घरांचे गाव जवळजवळ सारे जळाले. सुमारे दहा हजार माणसे ऐन थंडीत उघड्यावर आली. मग अवघ्या तीन-चार वर्षांत दगडाविटांची नवी घरे उभी राहिली. मनोरे, नक्षीदार दरवाजे आणि फुलापानांची वेलबुट्टी असलेली ती घरे पाहायला आता जगभरचे प्रवासी येतात. आक्स्ला टेकडीच्या ४१८ पायऱ्या चढून गेले की सारे शहर पायाशी दिसते. खारवून वाळवलेला कॉड मासा इथून दूर पोर्तुगाल-ब्राझीलपर्यंत जातो. बंदरावर तो वास आला की पत्नी म्हणायची, "अहो, आपल्या सुक्या बाजारात आल्यासारखं वाटतंय!"

डिसेंबरात सकाळी दहाला उजाडते आणि दुपारी तीनला मावळते. अंधारात कामावर जायचे आणि अंधारात परतायचे. पहिल्या हिवाळ्यात जीव कासावीस झाला. पण कचेरीत एक गोष्ट पहिल्याच दिवशी जाणवली. तिथे कुणी 'साहेब' नव्हते. विभागप्रमुखालाही सगळे पहिल्या नावाने हाक मारीत. साडेअकराला सारे एकाच टेबलावर बसत आणि घरून आणलेले पावाचे तुकडे खात. चहाचा कप ज्याचा त्याने धुवायचा. आडनाव कुणी विचारले नाही.

वसंत ऋतूत आमच्या इमारतीच्या दारावर एक चिठ्ठी लागली: 'दुगनाद'. सर्व रहिवाशांनी मिळून बिनपगारी करायचे सार्वजनिक काम म्हणजे दुगनाद. हिवाळ्यात पाय घसरू नये म्हणून रस्त्यावर खडी टाकतात. ती झाडून काढायची, पालापाचोळा उचलायचा, जिने धुवायचे. घरटी एकाने तरी यावे, अशी अपेक्षा.

ती चिठ्ठी वाचून माझे पाय जड झाले. माझे आजोबा गावकीच्या कामाला होते. पाटलाच्या वाड्यापुढचे अंगण झाडणे त्यांच्या वाट्याला जन्मानेच आलेले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी ते काम सोडले आणि त्याची किंमतही मोजली. वडिलांनी आम्हा भावंडांना एकच गोष्ट बजावली होती: हातात लेखणी धरा, दुसऱ्याच्या दारात खराटा धरू नका. आणि आता सातासमुद्रापलीकडे येऊन मी तोच उचलू?

पत्नी म्हणाली, "अहो, खाली जाऊन बघा तरी, कोण कोण आलंय." गेलो. आमच्याच कचेरीचा विभागप्रमुख, जो शेजारच्या जिन्यावर राहत असे, हातमोजे घालून खडी झाडत होता. त्याच्या बाजूला एक डॉक्टरीणबाई गटाराची जाळी साफ करीत होत्या. कुणीतरी माझ्या हाती लांब दांड्याचा झाडू दिला. दोन तास मी झाडत होतो. नंतर सर्वांनी अंगणातच कॉफी आणि गरम वॅफल खाल्ले.

रात्री वडिलांना फोनवर सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारले, "सायेबबी झाडत व्हता का?"

"व्हय."

"मंग त्यो खराटा येगळा."

यापुढे मी काय सांगावे? एक खराटा जन्माने मिळतो, दुसरा पाळीने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले, ते जन्माने गळ्यात पडणाऱ्या या कामाच्या विरुद्धच. ती वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

नॉर्वेतही समता आभाळातून पडली नाही. तिथेही जमीन नसलेली कुटुंबे होती. ती मालकाच्या जागेत झोपडी बांधून राहत आणि त्या बदल्यात त्याच्या शेतावर राबत. सरदारकी १८२१ च्या कायद्याने गेली, पण कामगारांना १९३५ साली मालकांशी मूलभूत करार करता आला तो संघटनेच्या बळावर.

तो देश स्वर्ग आहे असेही कुणी समजू नये. दुगनाद वर्षातून एकदोनदा. कचेरीतली रोजची सफाई करणारे बहुतेक हात परदेशातून आलेल्यांचेच असत. परके नाव असले की मुलाखतीचे बोलावणे कमी येते, हे तिथल्याच संशोधकांनी दाखवून दिले आहे. उत्तरेकडच्या सामी लोकांची भाषा शाळांतून मोडून काढली गेली. त्याबद्दल संसदेने माफी मागितली ती २०२४ साली. पण चूक लिहून काढली आणि कबूल केली, हेही खरे.

आणि आडनाव? तेही एकदा विचारले गेलेच. एका भारतीय घरी जेवायला गेलो होतो. "नुसतं नाव नाही, आडनाव? आणि गाव कोणतं?" मी सरळ सांगितले आणि वर म्हटले, "आम्ही बौद्ध." पुढचे जेवण शांततेत झाले. विमानातून सामानाबरोबर जातही येते ती अशी.

२०२२ साली १६ मे रोजी बुद्धपौर्णिमा होती. आम्ही तिघांनी घरी वंदना घेतली. दुसऱ्या दिवशी नॉर्वेचा संविधान दिन. त्या दिवशी तिथे मुलांची मिरवणूक निघते. हाती छोटे झेंडे घेतलेल्या मुलांत आमची मुलगीही आपल्या नावाने हाका ऐकत चालली होती.

वाचकहो, रविवारी आपल्या विहाराचे अंगण कोण झाडते? बहुधा त्याच दोन-चार महिला आणि एखादा गरीब कार्यकर्ता. आपल्यातले पदवीधर, अधिकारी, प्राध्यापक वंदनेच्या वेळी येऊन पुढे बसतात. पुढच्या रविवारी त्यांनी अर्धा तास आधी यावे आणि झाडू हाती घ्यावा. पाळीने. जयभीम!