एलेव्हेशन, प्लॅन आणि साबणाची वडी

अंधेरीचं 1962 सालचं सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय असो की मुलुंडची आयटीआय, ड्रॉइंगच्या तासाला नवी मुलं एकाच जागी अडतात. वस्तू हातात असते, पण कागदावर उतरत नाही. भारतात प्रथम कोन प्रक्षेपण चालतं, म्हणजे एलेव्हेशन (समोरून दिसणारी आकृती) वर आणि प्लॅन (वरून दिसणारी) त्याच्या खाली. दिसत नाही ती कड तुटक रेषेनं.

उलटा प्रवास अधिक कठीण. सपाट आकृत्यांवरून अख्खी वस्तू मनात उभी करायची! अठराव्या शतकात फ्रान्सच्या गास्पार मोंजनं वस्तू कागदावर उतरवण्याचं हे शास्त्र बांधलं, तेव्हा लष्करानं ते गुपित ठेवलं होतं.

आपल्याकडे इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला शाळकरी मुलं घनभूमिती काढतात. ही तयारी फार मोलाची आहे. आकार हाताला कळावा म्हणून शिक्षकांनी आधी साबणाची वडी कापायला द्यावी, मग पेन्सिल, संगणक त्यानंतर.