खालच्या बाजूचं काय?

गोधडी दाखवायला काढली की सगळे वरच्या बाजूवर फिदा. रंग काय सही जमलेत, हे ठिगळ कुठल्या ड्रेसचं वगैरे. पलटून मात्र कोणी बघत नाही. खरं तर रात्रभर अंगाला लागते ती खालचीच बाजू!

आमच्या घरात सध्या यावरूनच वाद चालू आहे. वरची बाजू तयार आहे, माझ्या जुन्या कॉटनच्या कुर्त्यांची. खाली मला आजीचं हिरवं नऊवारी लुगडं लावायचंय. आजी जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून ते कपाटात घडी होऊन पडलंय. आईचं म्हणणं, "तिचं एवढं एकच लुगडं उरलंय. तेही तू कापणार, आणि कोणाला दिसणार नाही अशा जागी लावणार?" तिने मंगलदास मार्केटमधून नवं पॉपलिन आणूनही ठेवलंय.

पॉपलिन वाईट नाही हं. पण नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. वरचे कुर्ते आधीच आटलेले, त्यामुळे खालचं एकटंच आकसलं की अख्ख्या गोधडीला चुण्या. म्हणून नवं कापड आधी धुवायचं, आणि गडद रंग असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघायचं. लुगड्याचं आटणं, रंग सोडणं सगळं केव्हाच उरकलंय. शिवाय ते इतकं मऊ झालंय की धावदोऱ्याची सुई सुळकन जाते. घट्ट विणीच्या महागड्या चादरीतून हाताने टाके घालून बघा, बोटं बोलतील. बंगालच्या कांथ्यात तर शिवायचा दोराही जुन्या साडीच्या काठातून ओढून काढायची पद्धत होती. सिंथेटिक साडीचं मात्र नावच नको. सुळसुळते, घाम टिपत नाही.

अर्थात, मऊपणाचा हा फंडा सगळीकडे चालत नाही. लॅपटॉपच्या क्विल्टेड बॅगेला अस्तर दणकटच हवं, तिथे पॉपलिन बेस्ट. तेही फिक्या रंगाचं, नाहीतर लिफ्टसमोर उभं राहून काळोखात किल्ल्या शोधा! आणि जॅकेटच्या बाह्यांना गुळगुळीत अस्तर लागतं, नाहीतर आतल्या शर्टाची बाही कोपरापर्यंत गोळा होते.

गोधडी पाच फूट बाय सात फूट. टाके घालताना कापड आत ओढलं जातं, म्हणून खालचं कापड चारही बाजूंनी तीन-तीन इंच जास्त घ्यायचं, म्हणजे ६६ बाय ९० इंच. लुगड्याचा पन्हा ४५, म्हणजे जोड आलाच. पूर्वी फाटल्या लुगड्याला दंड घालायचे, तसाच. फक्त मधोमध शिवण पाठीला टोचते. म्हणून एक तुकडा मधे अख्खा ठेवायचा, दुसरा उभा चिरून दोन्ही बाजूंना जोडायचा.

रविवारी लुगडं खिडकीशी उजेडात धरलं. मधला वार-दीड वार पार विरलाय, तो आतल्या थरात जाईल. दोन्ही टोकांकडून अडीच-अडीच वार धड निघतात. आई सोफ्यावरून बघत होती. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "काठ आधी वेगळे काप आणि माझ्याकडे दे."