डेट्रॉइट : गेलेलं आणि जाऊ घातलेलं

माणसं. १९५० च्या जनगणनेत १८ लाख ४९ हजार, २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार. मोटारींचे कारखाने आधी उपनगरांत गेले, मग त्याहून लांब. गोरी कुटुंबं त्यांच्या मागोमाग, काही तर त्यांच्याही आधी.

घरं. बहुतेक लाकडी. कर थकला, बँकेने जप्ती आणली, कुणी तांब्याचे नळ उपसून नेले, कुणी काडी लावली. उरलेली पालिकेने पाडली. कित्येकदा राडारोडा तळघरातच ढकलून वर मातीचा पातळ थर दिला जाई. म्हणून अशा जागी वाफा करायला गेलं की वीतभर खाली कुदळ खणकन वाजते. वीट, काच, एखादा फरशीचा तुकडा. वरच्या मातीत जुन्या रंगाचं आणि पेट्रोलच्या धुराचं शिसं. जाणते लोक खणायच्या फंदातच पडत नाहीत. फळ्यांची चौकट ठोकतात, तळाशी कापड अंथरतात, वर बाहेरून आणलेली माती आणि कंपोस्ट ओततात. आधी मातीचा तपास, मग बी.

महापौरांचे बटाटे. १८९३ च्या मंदीत हजारो बेकार झाले, तेव्हा हेझन पिंग्री यांनी पुढच्या वर्षी त्यांना शहरातले मोकळे प्लॉट कसायला दिले. टिंगल झाली, पीक आलं, दुसऱ्या शहरांनी नक्कल केली. मंदी सरली तसे बटाटेही गेले. पिंग्रींचा पुतळा ग्रँड सर्कस पार्कात अजून आहे.

कोलार्ड लावणाऱ्या आज्या. अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपीत शेतावर वाढलेल्या आणि कारखान्यांच्या भरभराटीत उत्तरेला आलेल्या काळ्या बायका. शेजारचं घर पडलं की कुंपण ओलांडून तिथे भाजी लावायच्या. न विचारता. विचारणार तरी कुणाला? कोलार्ड म्हणजे कोबीच्याच कुळातली, पण गड्डा न धरणारी जाड पानांची भाजी. थंडीचा कडाका बसला की गोड होते आणि चुलीवर निवांत शिजू द्यावी लागते. या म्हाताऱ्यांच्या गटाला ‘गार्डनिंग एंजल्स’ म्हणत. १९९२ मध्ये ग्रेस ली बॉग्ज आणि जेम्स बॉग्ज या कार्यकर्त्या जोडप्याने ‘डेट्रॉइट समर’ हा तरुणांचा उपक्रम सुरू केला आणि शहरातली पोरं या आज्यांच्या हाताखाली दिली. ग्रेस २०१५ मध्ये शंभरी गाठून गेल्या. त्या आज्याही बहुतेक गेल्या. पोरांनी किती उचललं, ते ज्याच्या त्याच्या वाफ्यात दिसतं.

कॅथरीन फर्ग्युसन अकॅडमी. शाळकरी वयात आई झालेल्या मुलींची सरकारी शाळा. वर्गामागे शेत, बकऱ्या, मधमाश्या, घोडा. बाळ पाळणाघरात ठेवून मुली धार काढायच्या. शाळा २०१४ मध्ये बंद झाली. या यादीतलं हे एक जाणं मला माफ करता येत नाही.

चोरून पाळलेल्या कोंबड्या. ३१ जानेवारी २०२५ पासून परवाना काढून आठपर्यंत कोंबड्या-बदकं आणि चार मधपेट्या ठेवता येतात. शेजाऱ्याला गप्प ठेवायला अंडी पाठवण्याची गरज उरली नाही. कोंबड्याला मात्र अजून बंदी आहे.

फेझंट. पडीक प्लॉटांच्या उंच गवतात राहणारा लांब शेपटीचा पक्षी. गवत कापलं की तो पुढच्या गल्लीत जातो. पुढच्या गल्लीतही आता गवत कापतात.

आणि रिकामी जमीन. ही कधी संपेल असं कुणाला वाटलं नव्हतं. २०१३ मध्ये पालिकेचं दिवाळं वाजलं, त्याच वर्षी शहरातल्या शेतीला नियमात जागा मिळाली. पण शेती करायची मुभा वेगळी आणि जमीन नावावर असणं वेगळं. रूज पार्कातलं सात एकरांचं डी-टाउन फार्मसुद्धा पालिकेच्याच जमिनीवर आहे. लहानसहान बागांचं तर बोलायलाच नको: वीस वर्षं खत घातलं, सातबारा दुसऱ्याचा. २०१२ मध्ये मात्र एका धनाढ्याला दीडेक हजार प्लॉट प्रत्येकी ३०० डॉलरच्या आसपास देण्याचा ठराव नगरसभेने मंजूर केला. त्याने तिथे ओळीने झाडं लावली. आता, १९५७ नंतर पहिल्यांदा, २०२३ मध्ये शहराची लोकसंख्या किंचित वाढल्याचा अंदाज आला. ही चांगलीच बातमी आहे. पण वस्ती सुधारली की भाव चढतो, आणि ज्यांच्या भाज्यांमुळे गल्ली राहण्याजोगी राहिली त्यांची बाग बिल्डरच्या नजरेला आधी पडते.

आपल्याकडे कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्याला मालक मानलं, निदान कागदावर. डेट्रॉइटमध्ये असा कायदा नाही. २०२० मध्ये तिथल्या तीन शेतीसंस्थांनी वर्गणी काढून काळ्या शेतकऱ्यांसाठी जमीन-निधी उभा केला. त्यातून पैसे मिळतात, मग ती माणसं आपणच कसलेली जमीन विकत घेतात.